बीच बॉलचा झाला ‘एलियन’

कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी लिहिलेली स्क्रिप्ट आपटली, की आपण काय करतो? ‘जाऊ दे यार’ म्हणतो आणि फाइल डिलीट करून सबमिशनच्या मागे लागतो. मित्रांनो, पुढच्या वेळी डिलीट दाबण्याआधी डॅन ओबॅनन आठवा. कोण हा? ‘एलियन’चा पटकथाकार. दिग्दर्शक रिडली स्कॉट सगळ्यांना ठाऊक असतो, लेखकाचं नाव कोण लक्षात ठेवतो!

ओबॅननचा जन्म १९४६चा, अमेरिकेतल्या सेंट लुइसचा. लॉस एंजेलिसला फिल्म स्कूलमध्ये शिकताना त्याने जॉन कारपेंटरसोबत ‘डार्क स्टार’ नावाचा अवकाशातला विनोदी सिनेमा सुरू केला. लेखन, अभिनय, एडिटिंग, स्पेशल इफेक्ट्स, सगळीकडे हा होताच. खिशात पैसे नाहीत, म्हणून परग्रहावरचा प्राणी कोण, तर रंगवलेला बीच बॉल! १९७४मध्ये सिनेमा लागला, पण लोक फारसे हसले नाहीत. ओबॅननच्या डोक्यात आलं, हसत नाहीत ना, मग घाबरवून बघू.

पण लगेच काही जमलं नाही. होदोरोव्स्कीच्या ‘ड्यून’साठी तो पॅरिसला गेला आणि पैशांअभावी तो प्रोजेक्टच बंद पडला. हा कफल्लक होऊन परतला आणि मित्राच्या, रोनाल्ड शुसेटच्या सोफ्यावर झोपू लागला. पॅरिसहून सोबत काय आणलं होतं? एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराची अंगावर काटा आणणारी चित्रं, तीही फक्त डोक्यात.

त्याच्याकडे एक अर्धवट पटकथा पडून होती. सुरुवात झकास, पुढे गाडी अडलेली. दुसरी एक कल्पनाही तशीच धूळ खात होती, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानात शिरलेल्या उपद्रवी प्राण्यांची. शुसेट म्हणाला, ही तिकडे जोड ना! विमानाचं यान झालं, ‘एलियन’चा सांगाडा उभा राहिला. गीगरला त्यात आणण्याचा आग्रहही ओबॅननचाच. पात्रं पुरुष की बाई, हेसुद्धा त्याने मोकळं ठेवलं होतं, म्हणून रिप्ली सिगर्नी वीव्हरच्या वाट्याला येऊ शकली.

पुढे निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी पटकथेवर बराच हात फिरवला. यंत्रमानव ॲश त्यांचा, आणि आमच्या मते ती भर उत्तमच. पण श्रेयावरून वाद पेटला, लेखकांच्या संघटनेपर्यंत गेला आणि पटकथेखाली ओबॅननचंच नाव राहिलं. १९७९च्या त्या सिनेमातलं छाती फोडून बाहेर येणारं पिल्लू पाहताना एक गोष्ट माहीत असू द्या. लिहिणाऱ्याला क्रोन्स हा आतड्यांचा आजार होता आणि २००९मध्ये त्यातच तो गेला.

आणि हो, त्याच सोफ्याच्या दिवसांत शुसेटकडे फिलिप के. डिकच्या एका कथेचे हक्क होते. तेव्हा खर्च झेपणार नाही म्हणून दोघांनी ती बाजूला ठेवली होती. ‘टोटल रिकॉल’ या नावाने ती पडद्यावर आली १९९०मध्ये.