शांतिसेनेची न ऐकलेली साक्ष

नांदगावसारख्या कोरडवाहू तालुक्यात लष्करी भरती हा देशप्रेमाइतकाच पोटाचाही प्रश्न असतो. अशा घरातल्या जवानाला परदेशी धाडताना दोन गोष्टी सांगणे हे सत्तेचे कर्तव्य ठरते : लढायचे कोणाशी, आणि काम पुरे झाले हे ओळखायचे कशावरून. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेला यांपैकी एकाचेही धड उत्तर मिळाले नाही.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी करार केला. त्यावर लिट्टेची सही नव्हती. तरी तिची शस्त्रे उतरविण्याची जबाबदारी भारताने पत्करली. ज्यांना भारताच्याच भूमीवर शस्त्रशिक्षण मिळाले होते, त्यांच्याशीच ऑक्टोबरमध्ये युद्ध जुंपले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. बेत शत्रूला आधीच कळला होता.

ऑक्टोबर संपता संपता जाफना शहर हाती आले. दिल्लीच्या वहीत ती प्रगती. जवानाच्या लेखी रस्ता दिवसा आपला, रात्री सुरुंग पेरणाऱ्याचा. २५ नोव्हेंबरला, म्हणजे या 'विजया'नंतर महिन्याभराने, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्यांशी लढत पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात सरकारी सेवांचे बाजारमूल्य काढता येत नाही, म्हणून त्यांवरील खर्चालाच त्यांचे मूल्य धरतात. श्रीलंकेत हेच घडले. पलटणी वाढल्या, म्हणून काम वाढले. काम वाढले, म्हणून यश जवळ आले! हा हिशेब खोटा आहे, हे प्रथम गस्तीवरच्या शिपायालाच कळते. आणि त्याला विचारण्याची चाल आपल्याकडे नाही.

त्याच्या संशयाला कच्चेपणा म्हणणाऱ्यांनी मेजर जनरल हरकीरत सिंग यांचे २००७ मधील पुस्तक वाचावे. वाटाघाटीस येणाऱ्या प्रभाकरनला ठार करण्याची सूचना उच्चायुक्त दीक्षितांकडून आली व आपण ती नाकारली, असे ते लिहितात. अर्थात सैन्याचे हातही निष्कलंक राहिले नाहीत. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण भारतीय गोळ्यांनी मेले. ज्यांच्या रक्षणासाठी जावे त्यांनाच भय वाटू लागले, तर संशय येणार नाही तर काय?

१९८९ मध्ये प्रेमदासांनी शांतिसेनेला निघून जाण्यास सांगितले. त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रेही पुरविली. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तेव्हा मद्रासला तिच्या स्वागतास मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मेले होते.

परदेशी सैन्य धाडण्यास संसदेची पूर्वसंमती आपल्या राज्यघटनेने आवश्यक केलेली नाही. ती करून घेण्याची मागणी समाजवाद्यांनी लावून धरली पाहिजे. आणि मोहीम चालू असतानाच संसदीय समितीपुढे केवळ सेनापतींची नव्हे, सुभेदार-हवालदारांचीही साक्ष होईल, अशी तरतूद तीत हवी.