दिल्ली 'झाली' म्हणजे काय?

मंडळी, आपल्याकडे प्रवासाला एक क्रियापद फार घट्ट चिकटलंय. 'होणे'. काश्मीर झालं, केरळ झालं, चारधाम झाले, आता एक राजस्थान राहिलंय. वीजबिल भरून झालं, दळण आणून झालं, तसंच काश्मीर झालं! मी दिल्लीला निघालेय हे कळल्यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात पहिला प्रश्न आला, "बाई, तुमची दिल्ली झालीय ना? मग परत कशाला?"

तिथल्या तिथे मी हसून वेळ मारून नेली. पण उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी दिल्ली १९८८ साली 'झाली' होती. शाळेची सहल. नववीच्या चाळीस मुली, आम्ही तीन शिक्षिका आणि एक शिपाईमामा. दोन दिवसांत कुतुबमिनार, लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, बिर्ला मंदिर आणि तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं असलेलं कमळाचं मंदिर. लाल किल्ल्यात मी काय पाहिलं म्हणाल, तर चाळीस डोकी. दर वीस मिनिटांनी मोजायची! सहल मात्र छान झाली. पहिल्या खेपेला हेच पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदाच जाऊन इंडिया गेट टाळणाऱ्या आणि 'आम्ही वेगळंच काही बघतो' म्हणणाऱ्या लोकांचं मला काही कौतुक नाही. ज्यांची चित्रं पुस्तकात बघत मोठे झालो, ती ठिकाणं एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावीत. मन मोकळं होतं.

पण राजधानीचं शहर म्हणजे पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेली बैठकीची खोली असते. पहिल्यांदा येणाऱ्याला तिथेच बसवतात. दुसऱ्यांदा येणाऱ्याने सरळ स्वयंपाकघरात डोकवावं. तिथे काय शिजलं, काय करपलं, ते तिथेच कळतं.

२०२५च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरलं. याआधीचं दिल्लीतलं संमेलन १९५४चं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. म्हणजे एकाहत्तर वर्षांनी योग आला आणि अध्यक्ष आमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर! न जाऊन कसं चालेल? भाचा द्वारकेला राहतो (दिल्लीतली द्वारका), म्हणून राहण्याचा प्रश्न नव्हता. संमेलनाचे तीन दिवस आणि पुढे आठ दिवस असा मुक्काम ठरवून गेले.

संमेलनाविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. पण ते भरलं होतं तालकटोरा स्टेडियममध्ये, आणि तालकटोरा हे नाव इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या कानाला टोचतं. १७३७ साली पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत आला, तेव्हा मोगल फौजेशी त्याची गाठ याच परिसरात पडली होती. फौजेचा पराभव करून तो शहरात न शिरता माघारी फिरला. एका संध्याकाळी सभागृहातून बाहेर पडून मी शेजारच्या बागेत जाऊन बसले. झाडं, बाकं, पळणारी पोरं. बघण्यासारखं काही नाही. तरी तास कसा गेला कळलं नाही. तिथेच ठरवलं, की उरलेल्या आठ दिवसांत आपली यादी आपणच करायची. भाच्याच्या बायकोने मोठ्या प्रेमाने मॉल आणि अक्षरधाम सुचवलं होतं. तिला म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी मेट्रोने हिंडते.

पहिला गेले तो लाल किल्ल्यातच. पाहिलेलीच जागा, पण या वेळी मोजायला डोकी नव्हती. दिवाण-ए-खासपुढे उभी राहून मी फक्त छत पाहिलं. आज ते लाकडी आहे, रंगवलेलं. एके काळी तिथे चांदी होती. मयूरासन १७३९ साली नादिरशहाने नेलं, हे शाळेतल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. चांदीचं छत कुणी उतरवलं? आपण. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचे पगार थकले होते, पुण्याहून पैसा येत नव्हता, अब्दाली यमुनेपलीकडे बसला होता. छताची चांदी काढून, वितळवून तिची नाणी पाडली. त्याच सुमारास सूरजमल जाट साथ सोडून गेला. आणि पाच-सहा महिन्यांत पानिपत.

परत आल्यावर फिरण्याच्या गटात मी हे सांगितलं, तर एक गृहस्थ चांगलेच नाराज झाले. म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या शिक्षिकेने हे सांगावं? आपल्याच लोकांची लक्तरं?" मी म्हटलं, लक्तरं कसली? उपाशी फौज घेऊन घरापासून इतक्या दूर लढायला निघालेल्या सेनापतीची ती गोष्ट आहे. पानिपतावर ढसाढसा रडायचं आणि तिथे पोचेपर्यंत खिशात काय होतं ते मात्र विचारायचं नाही, याला काय अर्थ? शिवाय त्याच इमारतीत पुढचीही एक गोष्ट घडलीय. १७८८ साली गुलाम कादिरने त्याच किल्ल्यात बादशहा शाहआलमचे डोळे काढले. बादशहाला सोडवलं ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. सतरा वर्षांपूर्वी दिल्ली घेऊन परागंदा शाहआलमला पुन्हा गादीवर बसवलं होतं तेही महादजींनीच. छत उतरवणारे आपण आणि आंधळ्या बादशहाच्या मदतीला धावणारेही आपणच. एक गोष्ट अभिमानाने सांगायची आणि दुसरी दडवायची, हे वर्गात मी कधी केलं नाही, आता सत्तरीनंतर कशाला करू? गृहस्थांना पटलं नाही. दोन दिवस ते दुसऱ्या गटाबरोबर फिरले. असो.

गुरुवारी गेले फिरोजशहा कोटल्याला. हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे माहीत. (त्या स्टेडियमला २०१९पासून अरुण जेटलींचं नाव आहे.) स्टेडियमच्या अगदी शेजारी चौदाव्या शतकातल्या त्या सुलतानाचा पडका कोट आहे. त्यातल्या एका पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीच्या माथ्यावर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. फिरोजशहाने तो आताच्या हरियाणातल्या टोपरा गावाहून आणवला. कापूस आणि वेताने गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत आणि पुढे होड्यांवरून. सगळा खटाटोप कशासाठी, तर अंगावर कोरलेलं कुणालाही वाचता येत नव्हतं अशा एका दगडासाठी! सुलतानाने पंडितांना बोलावलं, त्यांनाही ती लिपी लागली नाही. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली ती याच स्तंभावरचा लेख समोर ठेवून. सम्राटाने प्रजेला लिहिलेलं पत्र कित्येक शतकं नुसतंच उभं होतं.

आणि त्याच्या खाली काय चालतं? दर गुरुवारी लोक पत्रं घेऊन येतात. तिथल्या अंधाऱ्या कोनाड्यांतून जिन राहतात अशी श्रद्धा आहे, त्यांच्या नावाने अर्ज. हो, अर्जच! मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, घराचा खटला, नवऱ्याची दारू. एक बाई भिंतीशी टेकून कागदाची घडी घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तीन जागी ठेवायला तीन झेरॉक्स काढून आणल्यात. मी अंधश्रद्धेवर भाषणं केलेली बाई, पण त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. राजधानीत अर्ज घेऊन कोण येत नाही? देशभरातून माणसं इथल्या कचेऱ्यांच्या दारात कागद घेऊन उभी राहतात. इथे निदान रांग नव्हती आणि कुणी 'उद्या या' म्हणत नव्हतं. जिनांवर माझा विश्वास बसला नाही, पण त्या बाईंचा अर्ज मंजूर व्हावा असं मनापासून वाटलं.

तिसरं ठिकाण सिव्हिल लाइन्समधलं, २६ अलीपूर रोड. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच गेले. मूळ बंगला आता नाही. त्या जागी २०१८ साली उघडलेलं राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या ग्रंथाच्या आकाराचं, म्हणजे आपल्या संविधानाचं. चैत्यभूमी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण दादरला आणण्यापूर्वीचा तो शेवटचा दिवस दिल्लीच्या एका घरात उजाडला, हे किती जणांच्या ध्यानात असतं? आदल्या रात्री ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेवर काम करत होते. पुस्तक छापून आलं १९५७मध्ये, त्यांच्या पश्चात. शेवटच्या रात्री टेबलाशी बसून प्रस्तावना तपासणारा माणूस! संमेलनाला महाराष्ट्रातून इतकी माणसं आली होती, जेवणाच्या रांगेत मी अनेकांना विचारलं. संसद बहुतेकांच्या यादीत होती. अलीपूर रोड एकाच्याही नव्हता. मला हे खटकलं आणि अजून खटकतंय.

उत्तरेकडे अजून पुढे कॉरोनेशन पार्क आहे. १९११ साली पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याची घोषणा केली ती तिथे. इंडिया गेटजवळच्या छत्रीतला त्याचा पुतळा आता त्याच ओसाड बागेत उभा आहे, आणि त्या छत्रीत २०२२पासून नेताजी. रिक्षावाल्याला पत्ता समजावताना माझा जेवढा वेळ गेला, तेवढासुद्धा बागेत गेला नाही. पण गेलेच होते म्हणून सांगते.

आता तब्येतीचं. "या वयात जमतं का?" असं विचारणाऱ्यांसाठी. दिवसाला एकच ठिकाण. सकाळी दहाला निघायचं, दुपारी दोनच्या आत घरी. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, पहिला डबा बायकांचा असतो आणि पांढरे केस बघून पोरी उठून जागा देतात. (आपल्या एसटीत असं होतं का? जाऊ दे.) गुडघ्यांना फेब्रुवारी मानवतो, मे-जूनमध्ये जाऊ नये. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. आणि बरोबर कुणी नसलं तरी चालतं, किंबहुना नसलेलंच बरं, कारण तासभर छताकडे बघत बसायला कुणी तयार नसतं.

एक ठिकाण तेवढं राहिलं. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांच्या लेकने पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. तख्त राखण्याची आपली गोष्ट खरं तर तिथे संपते. पटपडगंजला आता नुसत्या सोसायट्या आहेत. त्या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला स्तंभ आहे नोएडात, तोही एका गोल्फ कोर्सच्या आत! भाच्याच्या ओळखीत गोल्फ खेळणारं कुणी नाही. त्याला सांगून ठेवलंय, येत्या हिवाळ्यापर्यंत एखादा शोधून ठेव.