फ्रान्समधील शालेय गणवेश : नसलेल्या परंपरेचे पुनरागमन

सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उघडल्या, तेव्हा शंभराच्या जवळपास सरकारी शाळांतील विद्यार्थी एकसारख्या कपड्यांत वर्गात बसले. पाच पोलो टी-शर्ट, दोन स्वेटर आणि दोन पॅन्ट असा हा संच. किंमत सुमारे दोनशे युरो. निम्मा खर्च शासनाने आणि निम्मा स्थानिक प्रशासनाने उचलायचा, पालकांवर भार नाही, अशी ही योजना. दक्षिणेकडील बेझिए शहरातील चार शाळांनी तर त्याच वर्षी फेब्रुवारीत आरंभ केला होता. प्रयोग यशस्वी ठरल्यास २०२६ पासून तो देशभर लागू करण्याचा मनोदय अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी जानेवारी २०२४ मध्ये व्यक्त केला होता.

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद झाकला जाईल, महागड्या बूट-कपड्यांवरून होणारी चेष्टा थांबेल, शिस्त वाढेल आणि शाळेची धर्मनिरपेक्षता बळकट होईल, असे समर्थकांचे म्हणणे. त्याला भावनिक जोड मिळाली ती जुन्या छायाचित्रांची. करडे किंवा काळे डगले घातलेले, आखूड चड्डीतले, रांगेत उभे असलेले मुलगे हे चित्र फ्रेंच मनात घर करून आहे. तो काळ परत आणावा, अशी ही मागणी. मात्र फ्रान्समधील मुलग्यांच्या पोशाखाचा इतिहास पाहिला, तर परत आणण्याजोगा राष्ट्रीय गणवेश तेथे कधी नव्हताच, असे दिसते.

झगा ते विजार

युरोपातील अन्य देशांप्रमाणे फ्रान्समध्येही लहान मुलगे शतकानुशतके मुलींसारखाच पायघोळ झगा घालत. बटणे आणि नाड्यांची विजार लहान मुलाला स्वतः सोडता येत नसे, हे त्याचे व्यावहारिक कारण. तर मूल सात वर्षांचे होईपर्यंत ते स्त्रियांच्या देखरेखीखाली असे, हे सामाजिक कारण. विजार अंगावर चढणे म्हणजे पुरुषांच्या जगात प्रवेश. राजपुत्र असलेल्या तेराव्या लुईने १६०८ मध्ये, सातवे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास, बालपणीचा पोशाख उतरवला आणि पुरुषांचा पोशाख व तलवार धारण केली, अशी नोंद त्याच्या वैद्याच्या, ज्यां एरोआर याच्या, रोजनिशीत आढळते. इतिहासकार फिलिप आरियेस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच रोजनिशीचा आधार घेत, बालपण ही स्वतंत्र अवस्था म्हणून कशी ओळखली जाऊ लागली याचा माग पोशाखातून घेतला.

अठराव्या शतकात ही दृष्टी बदलली. रुसो याने १७६२ च्या 'एमिल' या ग्रंथात घट्ट, शरीराला जखडणाऱ्या कपड्यांवर टीका केली. धावायला, खेळायला सैल कपडे हवेत, हा विचार उच्चभ्रूंत रुजला. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ हिने १७८७ मध्ये रंगवलेले राणी मारी आंत्वानेत आणि तिच्या मुलांचे चित्र व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. त्यात राणीच्या मांडीवरील धाकटा मुलगा पांढऱ्या झग्यात आहे, तर पाळण्याजवळ उभा असलेला थोरला राजपुत्र लांब विजारीत. ही विजार मूळची खलाशी आणि कष्टकऱ्यांची. क्रांतिकारकांनी १७९० च्या दशकात ती आपली निशाणी म्हणून मिरवली. पण राजवाड्यातील मुलांच्या अंगावर ती त्याआधीच आली होती.

झग्याची प्रथा मात्र लगेच संपली नाही. रेन्वार याने १८७८ मध्ये प्रकाशक शार्पांतिए यांच्या कुटुंबाचे चित्र रंगवले. त्यात आईशेजारी बसलेले, बहिणीसारखाच पोशाख केलेले आणि लांब केसांचे मूल हे तीन वर्षांचा मुलगा आहे, हे आजच्या प्रेक्षकाला सांगावे लागते. त्याच सुमारास खलाशी पोशाखाची लाट फ्रान्समध्ये पसरली. १८४६ मध्ये ब्रिटिश युवराजाला खलाशाच्या वेशात रंगवण्यात आले आणि ती शैली श्रीमंत घरांतून मध्यमवर्गापर्यंत झिरपली. त्यापाठोपाठ आखूड चड्डी आली. किशोरवयात तिच्या जागी लांब पॅन्ट मिळणे हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलाच्या आयुष्यातील एक टप्पाच मानला जाई.

शाईचे डाग आणि समता

शाळेतील गणवेशाचा इतिहास याहून वेगळा आहे. नेपोलियनने १८०२ मध्ये 'लिसे' ही माध्यमिक विद्यालये स्थापन केली, तेव्हा तेथील मुलग्यांना लष्करी धाटणीचा गणवेश ठरवून दिला. परंतु या संस्था मूठभर वर्गासाठी होत्या. ज्यूल फेरी यांच्या १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले; मात्र त्या शाळांसाठी देशव्यापी गणवेश ठरवला गेला नाही.

छायाचित्रांतील तो डगला, ज्याला फ्रेंच भाषेत 'ब्लूझ' म्हणतात, तो कपड्यांवर घालायचा. दौत-टाकाच्या त्या काळात शाईच्या डागांपासून आतले कपडे वाचवणे, हे त्याचे मुख्य काम. तो कोठे घालायचा, कोणत्या रंगाचा, हे शाळा किंवा गाव ठरवी आणि खर्च पालक करीत. त्यामुळे कापडाचा पोत, शिवण आणि ठिगळे यांवरून घरची परिस्थिती कळायची ती कळेच. लुई पेर्गो यांच्या १९१२ मधील 'बटणांचे युद्ध' या कादंबरीत दोन गावांतील मुलगे हरलेल्याची बटणे कापून नेतात. बटणे गमावून घरी गेल्यास मार ठरलेला, कारण कपडा ही गरीब घरातील मोलाची वस्तू होती. शिक्षण खात्याने १९६५ मध्ये बॉलपेनला अधिकृत परवानगी दिली आणि डगल्याचे एक मोठे कारण उरले नाही. तयार कपडे स्वस्त झाले, १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनाने शाळेतील जुनी शिस्त सैल केली आणि डगला विस्मृतीत गेला.

काय घालू नये?

फ्रेंच शासनाने सरकारी शाळांतील मुलांनी काय घालावे हे सहसा सांगितले नाही. काय घालू नये, हे मात्र वेळोवेळी सांगितले. शिक्षणमंत्री ज्यां झे यांनी १९३६ मध्ये शाळेत राजकीय बिल्ल्यांना मनाई केली आणि १९३७ मध्ये धार्मिक प्रचाराला. १५ मार्च २००४ च्या कायद्याने ठळक धार्मिक चिन्हे सरकारी शाळांतून हद्दपार झाली. चर्चा मुख्यतः मुस्लिम मुलींच्या हिजाबची झाली, पण फटका शीख मुलग्यांनाही बसला. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील विद्यालयातून तीन शीख मुलांना पगडीच्या प्रश्नावरून काढून टाकण्यात आले. भारत सरकारनेही हा विषय फ्रान्सकडे मांडला. ज्या फ्रान्सच्या भूमीवर पहिल्या महायुद्धात पगडीधारी शीख सैनिक लढले आणि जेथे नव्ह-शापेल येथे भारतीय जवानांचे स्मारक १९२७ पासून उभे आहे, तेथेच हे घडावे याची बोच शीख समाजाला होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये यांपैकी एका विद्यार्थ्याच्या बाजूने मत दिले, तरी कायदा बदलला नाही.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री गॅब्रिएल अताल यांनी मुलींचा अबाया आणि मुलग्यांचा 'कमीस' हा लांब अंगरखा यांवर बंदी जाहीर केली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती नाकारली. लिंगभेदाविरुद्धच्या उपक्रमात मुलग्यांनी स्कर्ट घालण्यावरून मे २०१४ मध्ये नांत परिसरात वादळ उठले होते. ज्या देशात राजपुत्रही झग्यात वाढले, तेथे स्कर्ट ही परंपरेवरील आघात ठरावी, यातून परंपरेची स्मृती किती तोकडी असते हे दिसते.

या पार्श्वभूमीवर २०२४ चा प्रयोग ही जुन्या व्यवस्थेकडे वाटचाल नव्हे. ती नवी दिशा आहे. 'काय घालू नये' येथून शासन 'काय घालावे' येथे आले. कॅरिबियनमधील मार्टिनिकसारख्या फ्रेंच प्रदेशांत अनेक शाळांत गणवेश रूढ आहे, पण तो स्थानिक निर्णय होता. समतेचा दावाही तपासून पाहायला हवा. डगल्याखालची ठिगळे जशी झाकली गेली नाहीत, तसे पोलो टी-शर्टखालचे बूट आणि हातातील मोबाइलही झाकले जाणार नाहीत. गणवेश चांगला की वाईट, हा निर्णय फ्रेंच समाजाने आजच्या गरजांवर घ्यावा. त्यासाठी आजोबांच्या छायाचित्राला साक्षीला बोलावण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्या छायाचित्रातील मुलाने डगला घातला होता तो शाईसाठी.