इन्येन्झी म्हणजे झुरळ

एम. ए.च्या वर्गात अर्थपरिवर्तन शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तीच उदाहरणे देत आलो आहोत. ‘मृग’ म्हणजे एके काळी कोणताही पशू, नंतर केवळ हरीण. ‘तेल’ मूळचे तिळाचे, आता शेंगदाण्याचे आणि मातीचेही. ही उदाहरणे चांगलीच आहेत, परंतु त्यांच्यामुळे कोणाचा जीव गेला नाही. त्यांच्या जोडीला एका न्यायालयीन निकालपत्रातील काही पाने ठेवावीत, असे आता आम्हांस आग्रहाने वाटू लागले आहे.

रुवांडातील १९९४च्या संहाराबद्दल खटले चालवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने टांझानियातील अरुशा येथे न्यायाधिकरण स्थापन केले होते. त्याने २ सप्टेंबर १९९८ रोजी ज्याँ-पॉल अकायेसू या इसमास दोषी ठरवले. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एखाद्यास दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. अकायेसू तबा नावाच्या विभागाचा प्रमुख होता. त्याआधी शिक्षक, आणि मग शाळा-निरीक्षक. (हा तपशील वाचून आम्ही क्षणभर थांबलो, हे कबूल केले पाहिजे.)

१९ एप्रिल १९९४ रोजी त्याने जमावापुढे भाषण केले. एकजूट करा आणि ‘इंकोतान्यी’च्या साथीदारांचा, या एकमेव शत्रूचा, नायनाट करा, असा त्याचा आशय होता. आता इंकोतान्यी म्हणजे कोण? न्यायालयाने यासाठी भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांची साक्ष घेतली. तो शब्द मूळचा एकोणिसाव्या शतकातील राजाच्या लढवय्यांचा. पुढे तो तुत्सींच्या बंडखोर सैन्याने स्वतःसाठी घेतला. मग त्या सैन्याच्या सहानुभूतिदारांना लागू झाला. आणि काही संदर्भांत तर कोणत्याही तुत्सी माणसाला. ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळ. साठच्या दशकात सीमेपलीकडून हल्ले करणाऱ्या तुत्सी निर्वासितांना हे नाव पडले होते. १९९४ साली नभोवाणीवरून ते घरात बसलेल्या तुत्सी म्हातारीलाही चिकटवण्यात आले. शब्द कोठे, केव्हा आणि कोणापुढे उच्चारला गेला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ ठरवता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली, आणि त्या जमावाला ‘तुत्सींना मारा’ असेच ऐकू आले होते, असा निष्कर्ष काढला. अर्थविस्तार म्हणून आम्ही जे फळ्यावर लिहितो, ते येथे पुरावा झाले.

गुन्हेशास्त्राने अशा गुन्ह्यांकडे फार उशिरा पाहिले, ही त्या शास्त्राचे अभ्यासक स्वतःच मान्य करतात अशी गोष्ट आहे. लोम्ब्रोसोपासून त्या शास्त्राची नजर चोरावर, खुन्यावर, म्हणजे नियम मोडणाऱ्यावर होती. येथे गुन्हेगार नियम पाळत होता, वरून आलेला हुकूम बजावत होता. स्म्यूलर्स आणि हाव्हेमान यांनी संपादित केलेला राष्ट्रातीत गुन्हेशास्त्रावरील ग्रंथ २००८ सालचा. त्याच वर्षी जॉन हेगन आणि वेनोना रायमंड-रिचमंड यांचे डार्फरवरील पुस्तक आले. चाडमध्ये आश्रय घेतलेल्या हजाराहून अधिक निर्वासितांच्या मुलाखती त्यांच्या हाताशी होत्या. हल्ला होत असताना हल्लेखोर कोणत्या वांशिक शिव्या देत होते, याची नोंद त्यांनी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणली. हेतू मनात असतो, तो दिसत नाही. शिवी मात्र ऐकू येते.

येथे साहित्याच्या माणसाचे काम सुरू होते, असे आम्ही म्हणतो. मात्र आपल्याकडील एक खोडही सांगितली पाहिजे. ‘शब्दांनीच माणसे मारली’ असे वाक्य आपण परिसंवादात फार सहज टाकतो आणि टाळ्या घेतो. सिमोन बिकिंदी या रुवांडातील लोकप्रिय गीतकाराचा खटला त्यासाठी वाचावा. त्याची तीन गीते न्यायालयाने कडव्यागणिक तपासली. ती इतिहासाची मोडतोड करून हुतू ऐक्याचा गजर करतात आणि प्रचारासाठी वापरली गेली, हे मान्य केले. तरीही ती रचताना संहार घडवण्याचाच हेतू होता, हे सिद्ध झाले नाही, असेही म्हटले. २००८च्या डिसेंबरात त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली ती गीतांसाठी नव्हे. जून १९९४च्या अखेरीस गाडीवरील ध्वनिक्षेपकावरून त्याने दिलेल्या थेट चिथावणीसाठी. कवितेत आणि कर्ण्यावरच्या हाकेत फरक करण्याचा हा संयम आम्हांला आमच्या पुष्कळशा समीक्षेपेक्षा अधिक शिस्तीचा वाटला. निकाल पटावाच असे नाही. वर्गात त्यावर भांडण व्हावे, हीच इच्छा.

अकायेसूच्या निकालपत्रातील आणखी एक भाग आम्हांला सोडवत नाही. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीच्या ओघात एका स्त्रीने तो सांगितला, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदलावे लागले. पुढे बलात्कार हाही वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, असे याच निकालाने प्रथम ठरवले. साक्षीदार स्त्रिया किन्यारवांडा भाषेत बोलत होत्या आणि या एका कृत्यासाठी त्यांच्या बोलण्यात चार निरनिराळे शब्द येत होते. एकाचा अर्थ केवळ संभोग. एकाचा ‘सोबत निजणे’. एकाचा ‘बळाने घेणे’. कोणत्या वाक्यात कोणता शब्द आला, दुभाष्याने त्याचे काय केले, हे न्यायाधीशांना पुन्हापुन्हा तपासावे लागले.

या पानांचा मराठी अनुवाद आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे ठरवले तेव्हा पहिल्याच तासाला अडलो. ‘बलात्कार’ या शब्दात ‘बळाने’ आहे, तेव्हा चौथा शब्द सोपा गेला. ‘सोबत निजणे’ला काय लिहावे? एकीने ‘अतिप्रसंग’ सुचवला. वर्तमानपत्रात तोच असतो, असे तिचे म्हणणे. दुसरी म्हणाली, तिच्या गावात कोणी यांतले काहीच म्हणत नाही, ‘तिच्याबरोबर वाईट झालं’ एवढेच म्हणतात. आम्ही तिन्ही फळ्यावर लिहिले. तास संपला तेव्हा ओळ अपुरीच होती.