उष्ण कटिबंधातील ओझोन आणि हिमढग

कुंभकोणम् – तमिळनाडूतील ऐरावतेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले दारासुरम् सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो आणि ओझोनचा थर मुळातच विरळ असतो. त्यामुळे येथील ओझोनविषयीचा कोणताही दावा कोट्यवधी लोकांच्या आरोग्याशी निगडित ठरतो.

जुलै २०२२ मध्ये कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील शास्त्रज्ञ चिंग-बिन लू यांनी उष्ण कटिबंधावर वर्षभर टिकणारे ओझोन विवर असल्याचे म्हटले होते. अंटार्क्टिकावरील विवराप्रमाणेच ते घडते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अनेक वातावरणतज्ज्ञांनी हा निष्कर्ष अमान्य केला. ओझोनचे प्रमाण २२० डॉबसन एककांखाली गेल्यासच विवर मानले जाते. उष्ण कटिबंधात ते साधारणतः २५० च्या आसपास असते.

अंटार्क्टिकावरील अतिशीत ढगांच्या कणांवर क्लोरीन क्रियाशील होतो व ओझोन नष्ट करतो, हे सर्वमान्य आहे. उष्ण कटिबंधातही १२ ते १७ किलोमीटर उंचीवर हिमकणांचे विरळ सिरस ढग पसरतात. आंध्र प्रदेशातील गादंकी येथील प्रयोगशाळेत लेसर किरणांच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास होत आला आहे. मात्र या उंचीवरील बहुतांश क्लोरीन अद्याप मूळ रसायनांतच बद्ध असतो आणि हिमकण स्वतः ओझोन फारच अल्प शोषतात.

मग अशा ढगांजवळ ओझोन अनेकदा कमी का आढळतो? मेघगर्जनेचे ढग समुद्रालगतची, ओझोनचे प्रमाण कमी असलेली हवा वर वाहून नेतात आणि त्यांच्याच माथ्यावरून सिरस पसरतात. म्हणजे ढग व ओझोनची घट ही दोन्ही बहुधा एकाच उत्थानाची फळे आहेत. शिवाय, हवेतील बाष्प गोठवून हे ढग वरच्या थरात जाणारे पाणी रोखतात. तेथे जादा बाष्प पोहोचल्यास ओझोनचा ऱ्हास वाढतो.

उष्ण कटिबंधावरील स्थितांबराच्या तळाशी ओझोन काहीसा घटल्याच्या नोंदी आहेत. हवामान बदलामुळे हवेचे उत्थान वाढणे, हे त्याचे प्रमुख संभाव्य कारण मानले जाते. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यांकनानुसार ध्रुवीय प्रदेश वगळता ओझोन थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. ओझोननाशक रसायनांवरील बंदी यशस्वी ठरत आहे. परंतु उत्थानामुळे होणारी घट हरितगृह वायूंना आवर घातल्याखेरीज थांबणार नाही.