थर किती, आणि थर कसे?

चिकटपट्टीने सिलिकॉनच्या वेफरवर उतरवलेला ग्राफीनचा तीन थरांचा फ्लेक मायक्रोस्कोपखाली सगळीकडे एकाच रंगाचा दिसतो. कडा स्वच्छ, सुरकुती नाही. आपण वहीत ‘तीन थर’ लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याच फ्लेकचे रामन मॅपिंग केले, तर एखाद्या कोपऱ्यात २डी शिखर वेगळेच निघते: अधिक टोकदार, एका बाजूला खांदा काढलेले. तो कोपरा एबीसी रचनेचा, बाकीचा फ्लेक एबीए.

दोन्हींत दुसरा थर पहिल्यापासून एका कार्बन-कार्बन बंधाएवढा, म्हणजे ०.१४२ नॅनोमीटर, सरकलेला असतो. तिसरा थर परत फिरून पहिल्याच्या नेमका वर आला की एबीए. त्याच दिशेने आणखी तेवढाच सरकला की एबीसी. एवढ्याशा फरकाने पदार्थाचा स्वभाव पालटतो. लंब विद्युतक्षेत्र लावले तरी एबीए अर्धधातूच राहते. एबीसीमध्ये कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या थरांतल्या, लगतच्या थरात जोडीदार नसलेल्या अणूंवर असतात. क्षेत्रामुळे या दोन थरांच्या ऊर्जेत फरक पडतो आणि ऊर्जापट्ट्यांत फट उघडते. २०११ मध्ये प्रयोगांतून हे दिसले. एबीसीचे पट्टे तळाशी सपाट असल्याने तिथे इलेक्ट्रॉनांची आपापसांतली आंतरक्रियाही वरचढ ठरते. अशाच सपाट पट्ट्यांतल्या अतिवाहकतेसाठी २०१८ मध्ये ग्राफीनच्या दोन थरांना १.१ अंशाचा पीळ द्यावा लागला होता. २०२१ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाला ती एबीसी त्रिस्तरात, पीळ न देताच सापडली.

म्हणून एबीए दुय्यम ठरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एबीए त्रिस्तरावरच क्वांटम हॉल परिणामाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मात्र आपल्या हाती यांपैकी काय आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे.

अडचण अशी की एबीसी नाजूक असते. सोलून काढलेल्या त्रिस्तर फ्लेकमध्ये तिचे क्षेत्र साधारण १५ टक्केच आढळले आहे. त्यातही फ्लेक उचलणाऱ्या स्टॅम्पचा दाब, ताण किंवा उष्णता यांनी थर सरकतात आणि एबीसीचे एबीए होते. उचलण्याआधी घेतलेला वर्णपट डिव्हाइस तयार झाल्यावर ग्राह्य धरता येत नाही. दोन इलेक्ट्रोडच्या मधून रचनांची सीमा जात असेल, तर मोजलेला रोध दोन्ही रचनांच्या मिश्रणाचा असतो.

यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या बहुस्तरीय ग्राफीनवरील लेखांत आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत: थरांची रचना, ती ओळखण्याची पद्धत, आणि स्थानांतरानंतर केलेल्या फेरतपासणीचा मॅप. एखादी दुपार या कामात जाईल, हे मान्य आहे. पण दोन प्रयोगशाळांचे ‘तीन थरांचे’ निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून महिनोन् महिने झगडणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. ती दुपार त्यांच्यासाठी द्या.