कागदावर नसलेला भाडेकरू

धाराशिव शहर बालाघाटाच्या डोंगराला टेकून वाढते आहे. हातलाईच्या डोंगराच्या अंगाने आणि सोलापूरकडून येणाऱ्या महामार्गाच्या अंगाने, ज्या माळावर एके काळी कुसळाखेरीज काही उगवत नसे, तेथे आज नगरे आणि कॉलन्या उभ्या आहेत. कोठे सोसायटीची पाटी आहे, कोठे नुसता मुरमाचा रस्ता. सायंकाळी डोंगरावरून गार वारा येतो, हवा मोकळी आहे, बाजारातला गलबला कानी पडत नाही. खोली पाहावयास आलेल्यास हे सारे आवडते. पाणी किती दिवसांनी येते, हा प्रश्न तो दुसऱ्या भेटीत विचारतो.

या वस्त्यांतील पुष्कळ घरांना मागच्या बाजूला किंवा गच्चीवर दोन खोल्या जोडलेल्या असतात. त्यांत राहणारी माणसे कोण? भूम-परंड्याकडून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिलेली आई, एस. टी.चा वाहक, कंत्राटी परिचारिका, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, बांधकामावरचा गवंडी, स्पर्धा परीक्षेच्या आशेवर वर्षे मोजणारी पोरे. नगरपरिषदेच्या करवहीत त्यांचे नाव नाही, विजेच्या देयकावर नाही, मंजूर नकाशावर तर ती खोलीच पुष्कळदा नसते. ही माणसे शहराचे काम करतात, शहरात भाडे भरतात, आणि शहराच्या कोणत्याही कागदावर ती सापडत नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती आणि तीत नागरी लोकसंख्या जेमतेम सतरा टक्के. इतक्या ग्रामीण जिल्ह्यात भाडेकरूंचा प्रश्न तो कसला, असे एखादा जुना कार्यकर्ता विचारील. परंतु जिल्ह्याच्या गावातला भाडेकरू हा ग्रामीण प्रश्नाचाच पुढचा अध्याय आहे. बालाघाटाच्या पठारावरची जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांनी दाखवून दिले की चार-पाच एकरांवर कुटुंब तगत नाही. गावचे घर तसेच राहते, म्हातारी माणसे तेथे राहतात, आणि तरुण कुटुंब तालुक्याला नाही तर जिल्ह्याला खोली घेते. त्याच्या जमिनीचा प्रश्न सुटला नाही म्हणून तो येथे आला, आणि येथे आल्यावर शेतकऱ्यांच्या संघटनेच्या लेखी तो शेतकरीही उरला नाही.

येथे थोडा इतिहास आठवणे अवश्य आहे. मराठवाडा मुक्त झाल्यावर दोन वर्षांच्या आत, १९५० साली, हैदराबाद राज्यात कूळवहिवाटीचा कायदा झाला. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द त्याने गावोगाव नेला. कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्या कायद्यासाठी जो घाम गाळला तो प्रामुख्याने एका गोष्टीसाठी होता: कसणाऱ्याचे नाव कागदावर चढावे. नाव चढले नाही तर काय होते हेही त्या पिढीने पाहिले. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांनी हैदराबादमधील जमीनसुधारणांची पाहणी केली, ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. बेकायदा बेदखली आणि ‘स्वखुशीने’ सोडलेला ताबा यांनी संरक्षित कुळांची संख्या कशी झपाट्याने ओसरली, याचा तीत हिशेब आहे. ती स्वखुशी कोणत्या जातीची होती हे या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. भाई उद्धवराव पाटलांच्या पिढीने विधिमंडळात आणि बांधावर जी भांडणे केली, त्यांचा मथितार्थ हाच होता, की तोंडी शब्दावर गरिबाचा हक्क टिकत नाही. त्याच कुळांची नातवंडे आज डोंगराकडेच्या वसाहतीत तोंडी शब्दावर राहत आहेत, आणि चळवळीला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

गंमत अशी की कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मराठवाड्यापुरता असलेला १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा त्याने रद्द केला. तो भाडेकरूंच्या बाजूचा कायदा आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पूर्वी जी पागडी चोरून घ्यावी लागे ती त्याने कलम ५६ अन्वये उजळ माथ्याने घेण्याची मुभा दिली. अनामत किती असावी याला त्यात मर्यादा नाही. वार्षिक भाडेवाढीला चार टक्क्यांचा बांध आहे तो भाडेकरूपुरता; ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे, नुसता परवानाधारक, म्हणून तो त्या बांधाबाहेर. शिवाय हा अधिनियम त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. शहर डोंगराकडे सरकत ग्रामपंचायतीच्या शिवारात शिरले, की तेथील माणसाला त्याचे संरक्षण पोचते की नाही, येथपासून वाद सुरू होतो.

तरीही या कायद्यात कलम ५५ आहे, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. भाड्याचा वा परवान्याचा कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे ते सांगते. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. ती पार न पाडणाऱ्या घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत गावात इतकी रूढ आहे की वकिलाच्या टेबलापाशी बसलेले लेखनिकसुद्धा ती सांगतात. महाराष्ट्रापुरती ती साफ चुकीची आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच.

नोंदणी झाली काय आणि न झाली काय, गरिबाला काय फरक पडतो, असे म्हणणाऱ्याने शाळाप्रवेशाचे उदाहरण घ्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखून ठेवल्या. त्या जागा घरापासून शाळेच्या अंतरावर दिल्या जातात. म्हणजे घर कोठे आहे याचा पुरावा हवा. भाड्याने राहणाऱ्या पालकाकडून दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला भाडेकरार मागितला जातो. आता या वसाहतींतील त्या गवंड्याची कल्पना करावी. उत्पन्नाचा दाखला त्याने रांगेत उभा राहून मिळवला, जातीचा दाखला आजोबांची कागदपत्रे धुंडाळून मिळवला. एकच कागद राहिला, आणि तो घरमालकाच्या सहीवर अडला. “तुला राहायचं तर राहा, सही-बिही काही नाही” असे उत्तर आले की कायद्याने दिलेली जागा त्या मुलाच्या हातून गेली. मतदारयादी, शिधापत्रिका, गॅसची जोडणी, बँकेचे खाते, या सर्वांची वाट त्याच दारातून जाते.

घरमालक नकार का देतो? त्याला सरसकट खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. या वसाहतींतील पुष्कळ घरमालक स्वतः निवृत्त शिक्षक, कारकून किंवा परदेशी पाठवलेल्या नव्हे, पुण्याला पाठवलेल्या मुलाच्या कर्जाचे हप्ते फेडणारे लोक आहेत. भविष्यनिर्वाह निधीतून दोन खोल्या चढवल्या, त्यांचे भाडे हीच त्यांची म्हातारपणची पुंजी. कागद केला तर भाडेकरू बळकावून बसेल, कर वाढेल, ही त्यांची धास्ती. आणि आणखी एक गोष्ट ते बोलून दाखवीत नाहीत: प्लॉटच मुळी गुंठ्यावर घेतलेला असतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले हे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. पुढे त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना तो लागू करण्यात आला. ज्याचा स्वतःचाच कागद अर्धवट, तो दुसऱ्याला कागद कसा देणार? प्लॉट पाडून विकणारा मात्र केव्हाच पैसे मोजून मोकळा झालेला असतो.

खरा नफा त्याचाच आहे. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ज्याला ‘अनर्जित वाढ’ म्हणतात ती येथे उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते. सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाला तो सार्वजनिक पैशाने. रेल्वे शहराला जोडली गेली ती सार्वजनिक पैशाने. भीमेवरच्या उजनी धरणातले पाणी उपसून पठारावर चढवले जाते ते सार्वजनिक पैशाने. २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही. या प्रत्येक कामानंतर माळावरच्या गुंठ्याचा भाव चढला आणि पाठोपाठ खोलीचे भाडे चढले. जमीनमालकाने त्या वाढीसाठी काडी हलवलेली नाही. समाजाने निर्माण केलेली किंमत खाजगी खिशात गेली, आणि ती दरमहा भरून देणारा भाडेकरूच आहे. करदाता म्हणून एकदा आणि राहणारा म्हणून पुन्हा.

पाण्याची कथा याच जातीची. चढावरच्या वस्तीत नळाला दाब नसतो, कूपनलिका उन्हाळ्यात आटते, मग टँकर. टँकरचे पैसे घरमालक खोल्यांवर वाटून टाकतो. पाणी तोडणे हा भाडे नियंत्रण कायद्याने गुन्हा आहे, परंतु ज्याच्याजवळ भाड्याची पावतीही नाही त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आडनावाचा प्रश्न बोलून दाखवण्याचा नाही, तो दारात उभे राहिल्यावर कळतो. आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग “आमच्याकडे खोली शिल्लक नाही.” दलित कुटुंब, मुसलमान कुटुंब, पारधी, एकटी राहणारी नोकरदार स्त्री यांना हे पाठ आहे. १९९९ च्या कायद्यात याविरुद्ध एक अक्षर नाही. ज्या वसाहतींना महापुरुषांची नावे दिली आहेत त्यांतही हे चालते.

शासनाचे घरांचे धोरण पाहावे तर त्याला मालकीखेरीज दुसरे काही दिसत नाही. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत लहान शहरांत भर पडला तो स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यास अनुदान देण्यावर. जागा नसलेल्याला त्यात स्थान नाही, आणि गावी नावावर पक्के घर असेल तर तो अपात्रच. हा दृष्टिदोष नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत जी पुनर्वसनाची घरे बांधली गेली त्यांचे आकार आठवावेत: भूमिहीन व अत्यल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम जमीनवाल्यास ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. ढिगाऱ्याखाली सर्वांची माणसे सारखीच गेली होती. घरे मात्र सातबारा पाहून मोजली गेली. आजही वाशी-भूमच्या डोंगरावर पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीला जागेचा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा मिळतो, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहणाऱ्यास अकरा महिन्यांचा कागद मिळत नाही.

डाव्यांनी या क्षेत्रात काम केलेच नाही असे नाही. मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावजवळ दिंडोशीला हजारो सामान्य कुटुंबांना घरे मिळवून दिली. शेजारच्या सोलापूरजवळ कुंभारीला नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली तिचे वाटप झाले. ही कामे मोठीच आहेत, पण तीही मालकीच्या घरांची. भाड्याचे घर हेच माणसाचे कायमचे, सन्मानाचे घर असू शकते, हा विचार व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने पहिल्या महायुद्धानंतर केला. १९३४ पर्यंत तिने साठ हजारांवर सदनिका बांधल्या आणि आजही ते शहर दोन लाखांहून अधिक घरांचे मालक आहे. धाराशिव म्हणजे व्हिएन्ना नव्हे, हे मान्य. परंतु आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आला आहे. त्याखाली नगरपरिषदेने वैद्यकीय महाविद्यालयातील परिचारिका व कर्मचाऱ्यांसाठी, शिकावयास आलेल्या मुलींसाठी निदान एक वसाहत बांधावी, ही मागणी करावयास कोणाची आडकाठी आहे?

ते होईपर्यंत हाताशी असलेले काम थोडे नाही. परवान्याच्या कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या शेकडा पाव टक्का लागते. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत एक हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. भाडेपट्ट्याला मात्र जागेच्या बाजारभावावर शुल्क आकारून कायद्यानेच खऱ्या भाडेकरूपणाला महाग करून ठेवले आहे; त्याविरुद्धचे भांडण विधिमंडळात करावे लागेल. आज प्रत्येक वसाहतीत दोन कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन कलम ५५ वाचून दाखवावे, अर्ज भरून द्यावेत, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत सोबत जावे. पंचवीस टक्के प्रवेशांचे अर्ज सुरू होण्याआधी करार हातात पडला पाहिजे, म्हणजे दिवाळीनंतर लगेच लागावे लागेल. पक्षाच्या सभासदांत घरमालक आहेत, काही पदाधिकारीही आहेत. पहिले नोंदणीकृत करार त्यांच्या खोल्यांचे व्हावेत, आणि तालुका समितीच्या बैठकीत त्यांची यादी वाचली जावी.